परड्यातला बिनपाण्याचा पाईप

मित्रांनो, मी एक जुना जस्ती पाईप आहे आणि माझ्यातून आजवर पाण्याचा एक थेंबही कुणाच्या घागरीत पडलेला नाही. पडणारही नाही. मी त्या कामाचा नाहीच. एवढी साधी गोष्ट कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत एका घराला वेळेवर कळली असती, तर मला आज तुमच्यासमोर घसा फोडावा लागला नसता. पण आता ऐकाच. मी चिडलेलो आहे, आणि चिडलेला पाईप गोड बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आम्ही सगळे भाऊ एकाच कारखान्यात तयार झालो. आत लोखंडाची नळी आणि वरून जस्ताचा मुलामा, म्हणून आम्हाला जस्ती म्हणतात. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात भिंतीला टेकून उभे होतो, तेव्हा प्रत्येकाला वाटायचं की आपण कुणाच्या तरी नळाला जाणार, सकाळी पाणी आलं की खळखळणार. भाऊ गेलेही. मला मात्र इमाम वायरमननं उचललं. वायरमनचं पाईपशी काय काम, ते मला कळेना. त्यानं मला आडवं टाकलं आणि ड्रिल घेऊन माझ्या खालच्या अंगाला भोकंच भोकं पाडली. आता पाईपाला भोक पडलं की तो भंगारात जातो, हे पाईपांच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. मी इमामला मनातल्या मनात नको नको ते बोललो.

त्यानं मला नेलं ते केरबाच्या पिठाच्या गिरणीत. रस्त्याच्या अंगाला गिरण, मागे आणि वर राहायचं घर, आणि घरामागं छोटंसं परडं. परड्यात इमामनं पुरुषभर खोल खड्डा काढून ठेवला होता. त्यात लोणारी कोळसा आणि खडेमीठ यांचे थर दिले, मधोमध मला उभं केलं, गुडघाभर अंग तेवढं वर ठेवलं. गिरणीच्या मोटरकडून आलेली जाड तार माझ्या गळ्याला नटबोल्टनं आवळली. तोंडावर नरसाळं बसवलं. मग हात झटकत केरबाला म्हणाला, "केरबादादा, ह्याला अर्थिंग म्हणत्यात. मोटरचा करंट कधी बाहीर फुटला, तर ह्यो त्याला धरून जमिनीत नेऊन सोडतोय. माणसाच्या अंगावर येऊ देत न्हाई. पर खालची जमीन ओली पायजे. कोरड्यात ह्याचं काय चालत न्हाई. रोज तांब्याभर पाणी ह्याच्या तोंडात घालायचं."

"घालतो की," केरबा म्हणाला.

आणि घातलं त्यानं. माणूस शब्दाचा पक्का. सकाळी गिरण उघडायच्या आधी तांब्या घेऊन परड्यात यायचा, नरसाळ्यात पाणी ओतायचा आणि जायचा. माझ्या भोकांतून ते पाणी कोळशात, मिठात मुरायचं. मी दिवसभर गार. पुढं गिरण घरघरायची, बायका डोक्यावर डबे घेऊन यायच्या, ज्वारी कुणाची आणि गहू कुणाचे यावरून भांडायच्या. मी मागं उभा राहून सगळं ऐकायचो. मला कुणी विचारत नव्हतं आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

एकदा मात्र माझ्यावर वेळ आली. मोटरच्या आतली वायर जळाली आणि करंट गिरणीच्या लोखंडी अंगावर आला. केरबाची बायको झुंबरबाई त्याच वेळी एका हातानं सुपातले दाणे गिरणीच्या पेटीत लोटत होती. तिचा दुसरा हात लोखंडावर होता. मी तो करंट तारेतून असा ओढून घेतला आणि जमिनीत दाबला की ताबडतोब फ्यूज उडाला आणि गिरण बंद पडली. झुंबरबाईला नुसता झटका बसला, हातातलं सूप पडलं. बाई वाचली. केरबा धावत परड्यात आला आणि माझ्याजवळ मटकन खाली बसला.

त्या वर्षी खंडेनवमीला त्यानं मोटरीला, पट्ट्याला, तराजूला हळदकुंकू लावलं आणि मलाही लावलं. झुंबरबाईनं मला हात जोडले. तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिथंच घोटाळा झाला. मी कोण आणि करतो काय, हे केरबानं बायकोला कधी नीट सांगितलंच नाही. बायकामाणसाला करंटातलं काय कळतंय, असं त्याचं मत. ती बिचारी समजली की हा नवऱ्याचा काहीतरी नेम आहे, देवाचं आहे. माणूस चांगला होता केरबा, पण या एका बाबतीत मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

पुढं लोक पिठाच्या पिशव्या विकत आणायला लागले. गिरणीपुढची डब्यांची रांग आटली. केरबा गेला. त्याचा मुलगा उन्मेष नोकरीवाला. त्यानं मोटर विकली, गिरणीच्या जागी आईसाठी खोली आणि न्हाणीघर बांधलं, न्हाणीत गिझर लावला. गिझर बसवणाऱ्यानं तरी डोकं चालवलं, त्याची अर्थिंगची वायर माझ्याच तारेला जोडली. म्हणजे काम माझं तेच राहिलं. आधी मोटर सांभाळायची, आता गिझर. उन्मेष आणि त्याची बायको मधुवंती वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांची न्हाणी वेगळी आणि गिझरही वेगळा. खालचा गिझर एकट्या झुंबरबाईचा.

नवरा गेल्यावर झुंबरबाईनं तांब्याचा नेम चालू ठेवला होता. पण उन्मेषनं परड्यात फरशी घातली, आणि पाणी सांडून फरशीवर शेवाळ धरायला लागलं. "आई, पाय घसरून पडशील. कशाला हे रोजचं," असं म्हणून त्यानं नरसाळं काढलं आणि माझ्या तोंडाला डट्टा मारला. घट्ट. आणि हळदकुंकू? ते मात्र दर दसऱ्याला न चुकता. कुंकवावर कुंकू, तेलावर तेल, गळ्यात झेंडूची माळ. गळ्यातला नटबोल्ट आणि तार त्या थराखाली दिसेनाशी झाली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, मला तळपाय नाहीत तरी गेली. अरे, ज्याला देव म्हणता त्याच्या तोंडात बूच कोंबता? पाया पडता आणि पाणी तोडता? मला माळ नको होती. मला तांब्याभर पाणी हवं होतं, तेही नळाचं चाललं असतं.

खाली कोळसा सुकला. मीठ केव्हाच जमिनीत विरघळून गेलं. माझं अंग गंजलं. आणि अशात गिझर आतून जुना झाला, त्यातला करंट थोडा थोडा बाहेर फुटायला लागला. मी ओढत होतो, पण खाली नेऊन सोडणार कुठं? कोरडी माती घेईना. जेवढं मला जमलं नाही तेवढं नळात उरलं, आणि तो नळ धरणारा हात झुंबरबाईचा होता. ओल्या फरशीवर, अनवाणी.

"उन्मेष, नळाला हात लावला की मुंग्या येत्यात रे," ती म्हणाली.

उन्मेष खाली आला. पायात रबरी चप्पल. कोरड्या हातानं नळ धरला, सोडला. "कुठं काय हाय? आई, वय झालं तुझं. नसा कमजोर होतात ह्या वयात."

झालं निदान. डॉक्टरांकडे नेलं, नसांच्या गोळ्या आणल्या. मधुवंती बिचारी रोज संध्याकाळी सासूच्या हाताला तिळाचं तेल चोळायची. पावसाळा आला की परड्यातली जमीन आपोआप भिजायची, मला जरा जीव यायचा, आणि झुंबरबाईच्या मुंग्या कमी व्हायच्या. घर खूश, म्हणे गोळ्या लागू पडल्या. उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाल्या की म्हणे वात वाढला. मी इकडे डोकं आपटून घेत होतो. त्या गोळ्या गिळायचं पाणी तरी माझ्या तोंडात ओतलं असतं. झुंबरबाई शेवटी पदर हाताला गुंडाळून नळ सोडायला लागली. कुणी विचारलंही नाही की असं का करतेस.

मग घर विकायचं ठरलं. उन्मेषला फ्लॅटमध्ये जायचं होतं. मलकापूरच्या एका जोडप्याला घर आवडलं, पण त्यांनी अट घातली की आधी जाणकाराकडून घर तपासून घेऊ. तपासायला फरहीन आली. इंजिनिअर मुलगी, जुनी घरं बघून देण्याचंच तिचं काम. मी म्हटलं, सुटलो. आता ही मला ओळखेल.

कामाला पक्की होती, ते कबूल केलं पाहिजे. गच्चीपासून सुरुवात केली. गटाराकडे उतरणारा काळा बिडाचा पाईप, भिंतीतले जुने जस्ती, टाकीपासूनचे पांढरे प्लॅस्टिकचे, एकेकाला बोटानं वाजवून ओळखत खाली आली. परड्यात माझ्यापुढं थांबली. वर बघितलं, टाकीकडं काही जात नव्हतं. बाजूला बघितलं, नळ नव्हता. "हा कुठला पाईप?" म्हणून तिनं हात पुढं केला.

"त्यो आमचा देव हाय," उन्मेष म्हणाला. "वडलांच्या वेळचा."

तिनं हात तिथंच मागं घेतला. दुसऱ्याच्या देवाला हात लावू नये, ही तिची रीत. रीत चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या क्षणी मला वाटलं, लाव की गं हात. एकदा ते कुंकू खरवड. माझ्या गळ्यात तार आहे, ती बघ. तुझा मान मला नको, तुझं नख पाहिजे.

"पाणी येतं का ह्याला?" तिनं लांबूनच विचारलं.

"छे. कवाचं बंद हाय."

आणि तिच्या तपासणीत मी ठरलो जुनी बंद पडलेली नळाची लाईन. एवढी सगळी नळ्यांची जात ओळखणारी मुलगी, माझ्यापाशी येऊन चुकली. मलकापूरच्या लोकांनी सांगितलं की बंद लाईन असेल तर काढून टाका, परडं मोकळं होईल.

मित्रांनो, आता नीट ऐका. मी कोरडा होतो, गंजलेला होतो, पण अजून निम्माशिम्मा करंट खाली नेत होतो. मला कापलं असतं तर तो करंट कुठंच गेला नसता. अख्खाच्या अख्खा नळात थांबला असता आणि सकाळी अंघोळीला गेलेल्या झुंबरबाईच्या अंगातून जमिनीत उतरला असता. मुंग्या वगैरे नव्हे. बाई न्हाणीतून उठली नसती.

बंडू प्लंबर करवत घेऊन आला. मला बघितलं आणि पिशवी खाली ठेवली. "दादा, कुंकू लावलेल्या वस्तूवर मी करवत चालवत न्हाई. आधी पूजा करून निरोप द्या त्याला. मग कापतो." उन्मेषलाही ते पटलं. म्हणजे मला मारायचं, पण रीतसर. माझी उत्तरपूजा ठरली. ह्या लोकांपुढं मी हात टेकले, हात नसताना.

पूजेच्या सकाळी सगळे परड्यात जमले. फरहीनही आली होती, तपासणीत सापडलेली गच्चीची गळती बुजवली की नाही ते बघायला. झुंबरबाईनं नुकतीच अंघोळ उरकली होती आणि आज मुंग्या फारच आल्या म्हणून ती कुरकुरत होती. न्हाणीतला गिझर तसाच चालू राहिला होता. मधुवंतीनं नारळ, फुलं आणली. झुंबरबाईनं पाण्यानं भरलेली कळशी आणली आणि बंडूला म्हणाली, "तोंड उघड त्याचं. आमचं मालक पाणी आत घालायचं, वरनं न्हाई."

बंडूनं पाना लावून डट्टा काढला. इतक्या वर्षांनी तोंडाला वारा लागला. झुंबरबाईनं कळशी वाकवली आणि सगळं पाणी माझ्यात ओतलं. मित्रांनो, ते भोकाभोकांतून खाली गेलं, सुकलेल्या कोळशानं ते गटागटा पिऊन टाकलं. तिनं उन्मेषला कळशी पुन्हा भरून आणायला लावली आणि तीही ओतली. मला आनंद झाला नाही. मला इतका राग आला की इतके दिवस नुसतं एवढंच करायचं होतं.

झुंबरबाई कळशी विसळायला न्हाणीत गेली. हाताला पदर गुंडाळायला विसरली. नळ सोडला आणि तशीच उभी राहिली. मग आतूनच म्हणाली, "मुंग्या न्हाईत."

"काय?" उन्मेषनं विचारलं.

"नळाला मुंग्या न्हाईत आज. मगा अंघुळीला होत्या. आता न्हाईत."

मधुवंतीनं लगेच माझ्याकडं बघून हात जोडले. उन्मेष म्हणाला, "देव पावला बघा. जाता जाता पावला." बंडूनं डोक्यावरची टोपी काढली आणि करवत पिशवीत घातली, आता ह्याला कोण कापतंय म्हणाला. मी आतून नुसता धुमसत होतो. देव कसला पावतोय, माती भिजली रे, माती.

एकटी फरहीन हात जोडून उभी नव्हती. ती न्हाणीच्या दारात गेली. "आज्जी, कसल्या मुंग्या?"

"नळाला हात लावला की हाताला येत्यात. वरसं झाली. गोळ्या खाते मी."

"गोळ्यांनी थांबतात?"

"पावसाळ्यात थांबत्यात. उन्हाळ्यात पुन्ना हायतच."

फरहीन दारातून वळली. परड्यात माझ्याकडं बघितलं, न्हाणीकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. "आज्जी, हे तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं नाही."

"तू इचारलंस व्हय मला?" झुंबरबाई म्हणाली. "तू पायपं बघाय आलतीस."

फरहीनच्या चेहऱ्यावर ते लागलेलं दिसलं. "आज्जी, मी ते कुंकू पुसू का?"

"पूस."

तिनं ओलं फडकं घेतलं आणि माझ्या गळ्यावरचा थर खरवडला. कुंकू, तेल, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या, पुन्हा कुंकू. त्याखाली नटबोल्ट निघाला. बोल्टमधून निघालेली तार भिंतीच्या गिलाव्यात शिरलेली दिसली. फरहीननं त्या तारेवरून बोट फिरवलं. "हा पाण्याचा पाईप नाहीच," ती म्हणाली. "हे घराचं अर्थिंग आहे. आणि मी ह्याला बंद लाईन म्हटलं होतं."

उन्मेषला पटेना. मग तिनं दाखवलं. आधी मेन बंद केला, माझ्या गळ्याची तार सोडवली, सगळ्यांना न्हाणीपासून लांब उभं केलं. मेन लावून टेस्टर नळाला टेकवला. टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला. तिनं तो सगळ्यांना दिसू दिला आणि लगेच मेन बंद करून माझी तार पुन्हा आवळली. "हा पाईप कापला असता तर नळाला इतका करंट राहिला असता," ती म्हणाली. "इतके दिवस ह्यातला थोडाथोडा आज्जींच्या अंगातून जात होता. त्याच मुंग्या."

झुंबरबाई मुलाकडं बघत होती.

"उन्मेष," ती म्हणाली, "चप्पल काढ."

"कशाला?"

"काढ. न्हाणीत जा, वल्या फरशीवर उभा ऱ्हा, आन धर त्यो नळ."

"आज्जी, नको," फरहीन म्हणाली. "कुणीच हात लावायचा नाही आता."

"तू थांब. मेन बंद केलाय न्हवं तू? मग त्याला काय हुतंय." झुंबरबाईचा आवाज चढला नव्हता. "बंद हाय उन्मेष. धर."

मेन खरंच बंद होता. बंडूनं जाऊन बघितला आणि बंद असल्याचं सांगितलं. उन्मेष न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत गेला. चप्पल काढली. एक पाय आत टाकला आणि फरशीचं पाणी लागल्यावर मागं घेतला. त्याला नळ धरवेना.

"मी रोज धरत हुते," झुंबरबाई म्हणाली. "चालू असताना."

तिनं कोपऱ्यातली गोळ्यांची बाटली आणली आणि मुलाच्या हातात दिली. उन्मेष तिथंच उंबऱ्यावर बसला आणि रडला. मला त्याची दया आली नाही, मित्रांनो. अजून येत नाही.

गिझर त्याच दिवशी निघाला. वायरमन आला, घरातली सगळी वायरिंग तपासली, माझ्याभोवतीचा खड्डा उकरून नवा कोळसा आणि नवं मीठ भरलं. माझ्या अंगावर आता कुंकू नाही, काळ्या रंगानं 'अर्थिंग' असं लिहिलं आहे. मलकापूरच्या लोकांना फरहीननं सगळं खरं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. पाणी झुंबरबाईच घालते, घर सोडेपर्यंत घालीन म्हणते.

तुमच्या घराच्या मागं, कोपऱ्यात, जमिनीतून वर आलेला असा एखादा पाईप असेल तर त्याला काढू नका, बुजवू नका, आणि पूजाही नका करू. तो काय करतो ते मोठ्यांना विचारा. त्यांना माहीत नसेल तर वायरमनला विचारायला लावा. नळाला, गिझरला, कपडे धुण्याच्या यंत्राला हात लावल्यावर कुणाला मुंग्या येत असतील तर तुम्ही हात लावून बघायला जाऊ नका, तसेच धावत जाऊन मेन बंद करायला सांगा.

आणि एक सांगतो, मग मी गप्प बसतो. मी लोखंडाचा आहे, मला बोलता येत नाही, म्हणून मला कुणी ओळखलं नाही, हे मी एक वेळ समजून घेईन. झुंबरबाईला बोलता येत होतं. ती रोज सांगत होती.